राखेच्या विटांचं घर, दीड वर्षानंतर

नाशिकच्या जेल रोडला आमच्या जुन्या घरावर एक मजला चढवला, सगळा फ्लाय अ‍ॅशच्या, म्हणजे वीज केंद्रात कोळसा जळून उरलेल्या राखेच्या विटांत. गच्चीवरून एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, त्यामुळे राख म्हटलं की शेजारीपाजारी आधी हसलेच, राखेची भिंत पावसात वाहून जाईल म्हणे! आता एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा काढून झालाय म्हणून लिहितोय.

पहिली गाडी आली ती कच्चीच. उतरवतानाच कडा झडत होत्या, दोन विटा एकमेकींवर वाजवल्या तर खणखण नाही, नुसतं थप. मग किचनच्या काट्यावर कोरडी वीट मोजली, 2.8 किलो, चोवीस तास बादलीत बुडवून परत मोजली तर 3.4, म्हणजे 21 टक्के पाणी प्यायली, आणि आयएस म्हणजे भारतीय मानकात साध्या विटेला 20 ची मर्यादा आहे. गाडी परत पाठवली, कारखानदार तणतणला, पण दुसऱ्या लॉटची वीट 14 टक्क्यांवर थांबली. सगळा खेळ क्युरिंगचा आहे हो, ही वीट भट्टीत भाजत नाहीत, राखेतली सिलिका चुन्याशी किंवा सिमेंटशी हळूहळू धरते आणि त्याला ओल लागते, दोनतीन आठवडे पाणी मारलं नाही तर ती वीट नाहीच.

माप एकसारखं, त्यामुळे प्लास्टर पातळ बसलं, लाल विटेला आमचा गवंडी खड्डे भरण्यातच अर्धं सिमेंट घालवायचा. पश्चिमेच्या भिंतीला ओल नाही. खिडकीखाली एक डाग आलाय पण तो सिलच्या, म्हणजे खिडकीखालच्या पट्टीच्या उताराचा घोळ.

बीम आणि भिंतीच्या सांध्यात मात्र केसाएवढी चीर गेली, हॉलमध्ये. तिथे चिकन मेश, म्हणजे प्लास्टरखालची तारेची जाळी लावायची राहिली, बेडरूममध्ये लावली होती तिथे काही नाही. खिळा ठोकायला जाऊ नका, वाकतो, ड्रिलच लागतं. आणि घर थंड राहतं वगैरे ऐकलं होतं, मला तरी मे महिन्यात काही फरक जाणवला नाही, लोक बहुतेक एएसी ब्लॉकशी गल्लत करतात, तो आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला, हलका, ही भरीव.

आता कंपाउंडला 900 विटा त्याच माणसाकडे सांगितल्यात, 21 दिवस झाल्याशिवाय गाडी भरायची नाही या अटीवर. रोज फोन करतो, साहेब घेऊन जा, जागा अडलीये. अजून सहा दिवस आहेत.