‘लायसन्स ट्रान्सफर’च्या नावाखाली गेलेले १,२६८ डॉलर : राज्य बदलणाऱ्या मसाज थेरपिस्टांनी वाचावे

२०२४ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतून टेक्सासला बिऱ्हाड हलवताना परवाना आणि विमा यांच्या नावाखाली माझी फसवणूक झाली. ‘लायसन्स ट्रान्सफर’चे ३८५ डॉलर, ‘मल्टी-स्टेट कार्डा’चे २४०, वर्षभराच्या व्यवसाय-विम्याचे ४६८ आणि पार्श्वभूमी-तपासणी लवकर उरकून देण्याचे १७५, असे एकूण १,२६८ डॉलर गेले. आकडे मुद्दाम सुटे लिहिले आहेत. याच नावांखाली याच्या आसपासच्या रकमा कोणी तुमच्याकडे मागत असेल, तर पुढचे वाचण्याआधी पैसे पाठवणे थांबवा.

मला फसवणारा गृहस्थ भेटला आपल्याच लोकांच्या व्हॉट्सॲप गटात. तो स्वच्छ मराठी बोलत होता, पहिल्या वाक्यापासून मला ‘ताई’ म्हणत होता आणि मुख्य म्हणजे त्याला आमच्या व्यवसायाची खडान्‌खडा माहिती होती. न्यू जर्सीला प्रशिक्षणाचे ५०० तास पुरतात पण न्यूयॉर्कला १,००० लागतात, कॅलिफोर्नियात राज्याचा परवाना नसून २००९ पासून एका परिषदेचे ऐच्छिक प्रमाणपत्र चालते आणि शिवाय प्रत्येक शहराचे नियम वेगळे असतात, हे सगळे त्याने मला बिनचूक सांगितले. ‘सहज कशा फसलात?’ असे मला विचारणाऱ्यांपैकी एकालाही यातले काही ठाऊक नव्हते, एवढे नोंदवून ठेवते.

त्याचे पहिले खोटे खऱ्या गोष्टीवर उभे होते. मसाज थेरपिस्टांसाठी आंतरराज्य करार, म्हणजे एकाच परवान्यावर सामील राज्यांत काम करू देणारा करार, खरोखर आहे आणि २०२३ मध्ये नेवाडाने तो सर्वांत आधी मंजूर केला. मात्र तो अमलात येण्यासाठी सात राज्यांची मंजुरी लागते, ती संख्या तेव्हा पुरी झालेली नव्हती, आणि टेक्सास तर त्यात नव्हतेच. ‘ताई, करार झाला आहे, आता नव्याने अर्ज कशाला करता?’ या एका वाक्यावर त्याने मला ‘ट्रान्सफर’ आणि ‘कार्ड’ मिळून ६२५ डॉलरना कापले. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात ‘ट्रान्सफर’ होत नाही. तिथे अर्ज नव्यानेच करावा लागतो, त्यात तुमच्या परीक्षेचा निकाल, प्रशिक्षणाचे तास आणि आधीचा परवाना धरला जातो, इतकेच. टेक्सासच्या परवाना विभागाचे अर्जाचे शुल्क १०० डॉलर आहे, बोटांच्या ठशांचा खर्च वेगळा. अर्ज थेट त्यांच्याच संकेतस्थळावर भरावा, मधला माणूस लागत नाही.

दुसरे खोटे मला अधिक झोंबते. राज्य बदलले की जुना विमा आपोआप बाद होतो, असे त्याने मला पटवले आणि माझे व्यावसायिक संघटनेचे सभासदत्व माझ्याच हाताने रद्द करायला लावले. वस्तुस्थिती अशी, की आपल्याकडच्या मोठ्या संघटनांचा विमा सभासदाबरोबर देशभर चालतो. पत्ता बदलल्याचे कळवायचे आणि नव्या राज्याच्या कायद्याप्रमाणे परवाना घेऊन काम करायचे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. म्हणजे जे माझ्याकडे होते तेच मी टाकून दिले आणि त्याच्या जागी ४६८ डॉलरना एक पीडीएफ विकत घेतली.

त्या पीडीएफवर प्रत्येक घटनेमागे २० लाख आणि वर्षाला ६० लाख डॉलर अशी नेहमीची मर्यादा छापलेली होती. विमा कंपनीचे नाव खरे होते. पॉलिसी माझ्या नावाची नव्हती, पण सभासदांचा विमा एकाच सामूहिक पॉलिसीखाली असतो आणि हातात फक्त प्रमाणपत्र येते, हे आपल्या व्यवसायात कोणालाही माहीत आहे. त्यामुळे मला ते खटकले नाही, आणि खटकण्याचे कारणही नव्हते. खटकायला हवी होती ती उजवीकडची छोटीशी चौकट. या छापील नमुन्यात विमा कंपनीच्या नावासमोर एनएआयसी क्रमांकाचा, म्हणजे त्या कंपनीच्या ओळख-क्रमांकाचा, रकाना असतो, आणि तो कोरा होता. मी तो पाहिला. पाहिल्याचे मला स्पष्ट आठवते, कारण त्याबद्दल मी त्याला विचारलेही. ‘नूतनीकरणाच्या वेळी भरतात, ताई,’ असे उत्तर आले, आणि घरात खोके बांधणारी माणसे ताटकळत असल्यामुळे मी फोन ठेवला. विमा कंपनीचा क्रमांक नूतनीकरणाच्या वेळी भरतात! हे वाक्य आज लिहितानाही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. त्याच संध्याकाळी पैसे पाठवताना बँकेच्या ॲपमध्ये संस्थेचे नव्हे, एका व्यक्तीचे नाव दिसत होते, तेही मी पाहिले आणि ‘लेखापाल असेल’ असे स्वतःच ठरवून टाकले.

बिंग फुटले ते डॅलसजवळ जिथे काम ठरले होते त्या स्पाच्या मालकिणीमुळे. तिने स्पाचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घातलेले, म्हणजे माझ्या विम्याचे संरक्षण स्पालाही देणारे, नवे प्रमाणपत्र मागितले, ते मिळेना म्हणून थेट विमा कंपनीला फोन लावला, आणि अशी पॉलिसीच नसल्याचे तिला सांगण्यात आले. मग तिने राज्याच्या परवाना-शोधात माझे नाव घातले. तिथेही मी नव्हते. हा शोध कोणालाही फुकट करता येतो. कोणी तुम्हाला ‘परवाना मिळाला’ म्हटले, की स्वतःचे नाव तिथे आधी शोधा.

त्यानंतर सुरू झाली कार्यालयांची टोलवाटोलवी. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवले आहेत, तेव्हा तो अनधिकृत व्यवहार ठरत नाही. पोलिस ठाण्यात रकमेचा आकडा ऐकताच समोरच्या अधिकाऱ्याचे लिहिणे मंदावले, आणि आरोपी कोणत्या राज्यात आहे ते तुम्हीच शोधून सांगा, असा सल्ला मिळाला. एका सरकारी खात्याने उत्तर दिले, की हा माणूस आमचा परवानाधारक नसल्यामुळे त्याच्यावर आम्हाला कारवाई करता येत नाही. म्हणजे परवाना घेऊन चूक करणारा यांच्या तावडीत सापडतो आणि परवान्याशिवाय राजरोस लुटणारा मोकाट सुटतो! दुसऱ्या खात्याने तक्रार ऑनलाइन भरून घेतली, पोच म्हणून एक क्रमांक दिला आणि मौन धरले. त्यावर कळस म्हणजे तिसऱ्या ठिकाणी, ‘तुम्ही परवान्याशिवाय कोणाला मसाज दिला होता का?’ असा प्रश्न मलाच विचारला गेला. मी दिला नव्हता, आणि तसे लेखी कळवले आहे. पण तक्रार करायला गेलेल्या माणसाचीच उलटतपासणी होणार असेल, तर पुढची बाई तक्रार करायला जाईल कशाला?

फोनवरून क्षणात जाणारे पैसे परत येत नाहीत, हे धरूनच चाला. क्रेडिट कार्ड असते तर बिल पाठवले गेल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. कार्ड चालणार नाही असे म्हणणाऱ्याकडून विमा घेऊच नये. विमा देणाऱ्या कंपनीचे आणि एजंटाचे नाव राज्याच्या विमा विभागाकडे विचारून घ्यावे. जुना विमा नवा पडताळल्याशिवाय सोडू नये, आणि जुन्या राज्यातील परवान्याची पडताळणी तिथल्या मंडळाकडून थेट नव्या राज्याला पाठवायला सांगावी. तुमच्या हातून जाणारी प्रत कोणी मागत असेल, तर का मागतो ते विचारावे.

त्या गटातून तो माणूस निघून गेला आहे, पण त्याने तिथल्या आणखी काही जणींना प्रमाणपत्रे दिल्याचे मला कळले आहे. त्या जणींनी प्रमाणपत्रावरचा फोन नंबर वापरू नये. विमा कंपनीचा नंबर वेगळा शोधून आजच फोन करावा, कारण त्या कागदाच्या भरवशावर दिलेल्या प्रत्येक मसाजला विम्याचे संरक्षण नाही आणि दुखापतीचा दावा क्लायंट महिन्यांनंतरही करू शकतो.