जखम दाखवायची: समोर बसून की व्हिडिओ कॉलवर?

जखमेसाठी व्हिडिओ कॉल म्हटलं की बरेच डॉक्टर कचरतात, आणि ते मला पटतं. स्क्रीनवर जखमेचा वास येत नाही, भोवतालच्या कातडीचा गरमपणा कळत नाही, आत सळई घालून खोली मोजता येत नाही. मधुमेहींच्या पायाची नाडी तर डॉक्टरांच्या हाताच्या बोटांनाच लागते. पहिली तपासणी समोरासमोरच हवी.

पुढच्या फेऱ्यांचं वेगळं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नुसती भरत आलेली जखम दाखवायला उचलून नेणं हा छळच आहे. तिथे दिवसाउजेडी, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो डॉक्टरांना पुष्कळ सांगतो. पिवळ्या दिव्याखाली मात्र लालीचा अंदाज चुकतो. ताप, पू किंवा वाढती सूज असेल, तर कॉलची वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा.