स्पोकन इंग्लिशचा क्लास: ग्रामर ठीकठाक, प्रेझेंटेशनसाठी मात्र जा
चिंचवडमधल्या एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासचा रिव्ह्यू आहे. नाव टाकत नाही कारण थोडं वाईटपण लिहायचंय आणि सर ओळखीतले निघाले. पण असे क्लास सगळीकडे सेमच असतात, त्यामुळे कामाला येईल.

पहिला महिना नेहमीचंच. टेन्स, आर्टिकल, झेरॉक्स काढलेल्या नोट्स, "माय सेल्फ" म्हणायचं नाही वगैरे. हे सगळं यूट्यूबवर फुकट मिळतं, त्यासाठी ऑफिसमधून थकून येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची गरज नाही. खरी मजा दुसऱ्या महिन्यात, ग्रुप प्रेझेंटेशन सुरू झाल्यावर. आमच्या बॅचला विषय होता सिनेमाचे संगीतकार. प्रत्येक ग्रुपने एक संगीतकार घ्यायचा, वीस मिनिटं इंग्लिशमध्ये बोलायचं आणि मग बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. आधी वाटलं हे काय शाळेसारखं, पण विषय एकदम करेक्ट निवडलाय कारण गाण्यांवर मत नसलेला माणूस आपल्याकडे सापडत नाही, आणि मत असलं की माणूस तुटक्या इंग्लिशमध्ये का होईना पण भांडतो.

सगळ्यात भारी झालं ते सायकोवालं. १९६० चा हिचकॉकचा पिक्चर, संगीत बर्नार्ड हरमनचं. त्या पोरींनी आधी बाथरूमचा सीन म्यूट करून दाखवला आणि विचारलं की इथे काय वाजायला पाहिजे ते सांगा. आता हे मराठीत सांगणंच अवघड, इंग्लिशमध्ये तर सगळ्यांची बोबडी वळली, हातवारे करून झाले, एकाने तोंडाने आवाज काढून दाखवला. मग त्यांनी आवाज चालू केला, त्या किंचाळणाऱ्या व्हायोलिन्स, आणि सांगितलं की हिचकॉकला त्या सीनला म्युझिकच नको होतं, हरमनने तरी करून ठेवलं आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. अख्ख्या पिक्चरच्या म्युझिकमध्ये फक्त तंतुवाद्यं आहेत, ढोल नाही की ट्रम्पेट नाही. त्यानंतर अर्धा तास लोक न घाबरता बोलत होते, सरांना मध्ये पडावंच लागलं नाही.

दुसरं लक्षात राहिलं ते एन्नियो मोरिकोनेचं. द गुड द बॅड अँड द अग्लीची शिट्टी सगळ्यांना माहीत असते, माणूस माहीत नसतो. ग्रुपमधल्या एका पोराने शेवटच्या स्लाइडवर टाकलं की हा माणूस आयुष्यभर हॉलिवूडच्या पिक्चरना म्युझिक देत राहिला पण इंग्लिश बोलायचाच नाही. २००७ ला मानद ऑस्कर मिळालं तेव्हा भाषण इटालियनमध्ये केलं आणि स्टेजवर क्लिंट ईस्टवूड त्याचं भाषांतर करत होता. पुढे २०१६ ला हेटफुल एटसाठी परत ऑस्कर, तेव्हापण भाषण इटालियनच. आता फी भरून इंग्लिश शिकायला बसलेल्या पब्लिकसमोर ही स्लाइड! सगळे सरांकडे बघून हसायला लागले. सर म्हणाले, "आधी त्याच्यासारखं म्युझिक करून दाखवा, मग क्लास सोडा." याला म्हणतात हजरजबाबीपणा.

आणि आमच्या बॅचमधल्या एक काकू. तोपर्यंत "प्रेझेंट सर" सोडून त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. त्यांनी घेतले आनंदघन. पोरांना वाटलं कोणी जुने बुवा असतील. काकूंनी सांगितलं की आनंदघन म्हणजे लताबाईच, भालजी पेंढारकरांच्या साधी माणसं या १९६५ च्या पिक्चरला त्यांनीच या नावाने संगीत दिलंय आणि ऐरणीच्या देवा त्यातलंच आहे. अर्धी बॅच हादरली. काकूंचं ग्रामर पूर्ण गंडलेलं होतं पण एकानेही मोबाईल बघितला नाही.

आता बोंबा. ग्रुप सहा जणांचा, हा फार मोठा होतो. एकजण पीपीटी बनवतो, ज्याला आधीपासून येतं तोच बोलतो आणि उरलेले स्लाइड पुढे ढकलून शेवटी थँक्यू म्हणतात. ज्यांना खरंच शिकायचंय तेच गप्प राहिले तर उपयोग काय. रहमानच्या ग्रुपने विकिपीडिया वाचून दाखवला, २००९, दोन ऑस्कर, स्लमडॉग, झालं. अजय-अतुलवाल्यांचा माल खरं तर चांगला होता, सैराटचं म्युझिक लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्या ऑर्केस्ट्राबरोबर रेकॉर्ड केलं हे सांगून झालं आणि लगेच झिंगाट लावलं, मग काय, नाचच. इंग्लिश गेलं उडत. सरांनीपण थांबवलं नाही, मला वाटतं थांबवायला पाहिजे होतं.

स्पीकरचं तर विचारूच नका. इंटरस्टेलरसाठी हान्स झिमरने लंडनच्या टेंपल चर्चमधला प्रचंड ऑर्गन वापरलाय, तो ऐकवायला त्या ग्रुपने केवढी तयारी केलेली आणि क्लासच्या ब्लूटूथ डब्यावर तो कानाशी डास आल्यासारखा ऐकू आला. एवढी फी घेता, एक बरा स्पीकर घ्या ना राव.

फीडबॅकपण कमी पडतो. चुका सगळ्यांसमोर सांगत नाहीत हे चांगलंय, कागदावर लिहून देतात, पण त्यात "इम्प्रूव्ह प्रोनन्सिएशन" एवढंच. कुठला शब्द चुकला ते सांगा की.

पाचपैकी साडेतीन. ज्यांना बेसिक येतं पण चारचौघांत तोंड उघडत नाही त्यांनी जरूर लावा, आयेल्ट्सवाल्यांनी दुसरीकडे बघा. वीकेंडची बॅच मिळाली तर ती घ्या, तिथे गर्दी कमी असते म्हणून ग्रुप लहान पडतात. आणि ग्रुप ठरतात त्या दिवशी दांडी मारू नका, नाहीतर पीपीटी तुमच्याच गळ्यात पडते.