इन्कॉइसचा समुद्राचा अंदाज: कोकणातल्या छोट्या बोटीला किती उपयोगी?

हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत १९९९ पासून काम करतं. संकेतस्थळावर आणि 'समुद्र' या मोबाइल ॲपवर त्यांचा लाटा, स्वेल (दूरच्या वाऱ्याने उठून इथवर येणाऱ्या लाटा), वारा, प्रवाह आणि पाण्याच्या तापमानाचा अंदाज फुकट मिळतो. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत छोटी यांत्रिक बोट चालवणाऱ्याला फुकटात यापेक्षा चांगलं काही हाती लागत नाही. मात्र बहुतेक जण यातला एकच आकडा बघतात, लाट किती मीटर. नेमका तोच आकडा एकट्याने बघितला तर फसवतो.

आधी या आकड्याचा अर्थ. अंदाजातली '२ मीटर' ही प्रत्येक लाटेची उंची नसते, सगळ्यांत मोठ्या लाटेचीही नसते. लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश घेऊन त्यांची सरासरी काढलेली असते. शंभरात एखादी लाट यापेक्षा दीडपट निघते आणि हजारात एखादी जवळजवळ दुप्पट. दर ८ सेकंदांनी लाट येत असेल तर हजार लाटा सव्वादोन तासांत होतात. म्हणजे २ मीटरच्या अंदाजात दिवसभर जाळं टाकून बसलेल्या बोटीला पावणेचार मीटरची लाट भेटणं ही अपवादाची गोष्ट नाही, हिशेबातलीच आहे.

आता दुसरा आकडा, सेकंदांचा. एक लाट गेल्यावर दुसरी किती सेकंदांनी येते तो हा आकडा, आणि या सेवेतली सर्वांत मोलाची माहिती हीच आहे. खोल पाण्यात लाटेची लांबी काढायची तर सेकंदांचा वर्ग करून त्याला १.५६ ने गुणायचं. ५ सेकंदांची लाट ३९ मीटर लांब, ८ सेकंदांची १०० मीटर, १६ सेकंदांची तब्बल ४०० मीटर. त्यामुळे ५ सेकंदांची २ मीटर लाट खडी असते. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलते, आपटते, आणि लाट आडवी आली तर छोटी होडी भरते. तीच २ मीटर उंची १४ सेकंदांची असेल तर बाहेर २० वाव (सुमारे ३६ मीटर) पाण्यात बोट सावकाश वर जाते, खाली येते, कित्येकदा जाणवतही नाही.

धोका असतो परत येताना. पाण्याची खोली लाटेच्या निम्म्या लांबीपेक्षा कमी झाली की लाटेला तळ लागतो. मग ती आखडते, उंच होते, आणि उथळ पाण्यात फुटते. आंजर्ल्यासारख्या गाळ साचलेल्या खाडीच्या मुखात हेच घडतं, कारण तिथे खोली एकदम कमी होते. त्यात ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असेल तर समोरून आलेली लाट त्या प्रवाहावर आणखी आखडते आणि भिंतीसारखी उभी राहते.

म्हणून अंदाजाशेजारी तिथी ठेवून वाचा. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही चालतो. पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटीचा सर्वाधिक ओढा दुपारी अडीच-तीनला. फेब्रुवारी ते मे या काळात वायव्येचा खारा वाराही, म्हणजे समुद्रावरून जमिनीकडे येणारा वारा, दुपारीच चढतो. उधाणाच्या दिवशी दुपारी तीनला खाडीच्या तोंडावर पोचणारी बोट या दोन्ही गोष्टी एकत्र झेलते. तीच बोट तीन-साडेतीन तास बाहेर थांबून पाणी वळल्यावर आत आली, किंवा भरती असतानाच आत शिरली, तर निभावतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओढा कमी असल्याने एवढी काळजी लागत नाही. खाडीच्या मुखात स्वेल, ओहोटी आणि तिथला गाळ मिळून काय होईल हे इन्कॉइसच्या नकाशावर दिसत नाही. तो हिशेब तांडेलानेच, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखानेच, करायचा.

सेकंदांचं महत्त्व समजायला ४ आणि ५ मे २०२४ चा इशारा पाहावा. त्या दोन दिवसांसाठी मुंबईला दिलेल्या इशाऱ्यात लाटांची उंची जेमतेम ०.५ ते १.५ मीटर होती. ना वादळ, ना पाऊस, मग इशारा कशाला, असं अनेकांना वाटलं. कारण या लाटा जास्त सेकंदांच्या होत्या. केरळात या प्रकाराला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. एप्रिलच्या अखेरीस भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे १०,००० किलोमीटरवर, दक्षिण अटलांटिक महासागरात तयार होऊन पुढे दक्षिण हिंदी महासागरात सरकलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राच्या वाऱ्याने या लाटा उठवल्या होत्या. १६ सेकंदांच्या लाटांची ऊर्जा दिवसाला साधारण १,००० किलोमीटर सरकते, त्यामुळे त्या इथे पोचायला आठवड्याहून जास्त वेळ लागला. इन्कॉइसचं खरं सामर्थ्य इथे दिसतं. स्वेलचा मागोवा ते उगमापासून घेतात आणि इशारा काही दिवस आधी देतात. असा इशारा असेल तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या आणखी वर घ्या, नांगरलेल्या बोटींमधलं अंतर वाढवा म्हणजे त्या एकमेकींवर आपटणार नाहीत, आणि पोरांना पाण्यात उतरू देऊ नका.

छोट्या बोटींसाठी इन्कॉइसची वेगळी सल्ला सेवा आहे, ती फार कमी लोक वापरतात. त्यात ७ मीटर रुंदीपर्यंतच्या बोटींसाठी रुंदीनुसार धोका सांगितला जातो. केवळ उंची न घेता लाटेचा खडेपणा, लाटा किती दिशांनी येताहेत आणि वारा किती झपाट्याने वाढतोय हेही त्यात धरलेलं असतं. पुढच्या दहा दिवसांपर्यंतचा सल्ला मिळतो, पण बर्फ-डिझेल भरायचा निर्णय पहिल्या तीन दिवसांवर घ्यावा. त्यापुढचा भाग कल समजण्यापुरता.

वाऱ्यासाठी बहुतेकांच्या मोबाइलवर 'विंडी' हे हवामानाचं ॲप असतं. ते दिसायला सुंदर आहे आणि एकाच ठिकाणासाठी दोन मॉडेल, म्हणजे संगणकाने काढलेले दोन अंदाज, शेजारी ठेवता येतात, हा त्याचा मोठा फायदा. मॉडेल समुद्राचे चौकोन पाडून अंदाज काढतं; युरोपीय मॉडेलचा चौकोन ९ किलोमीटरचा, अमेरिकन जीएफएसचा २२ चा. बावीस किलोमीटरच्या चौकोनात किनारा, खाडी आणि डोंगर एकत्र मिसळतात, म्हणून किनाऱ्यालगतचा खारा वारा आणि पहाटेची मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा) जीएफएस नीट पकडत नाही. किनाऱ्याजवळ युरोपीय मॉडेल बघा. दोन्हींत मोठा फरक दिसला तर वाईट आकडा खरा धरा.

एककांत गडबड होते, तीही टाळा. हवामान विभागाच्या मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यात 'ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत' अशी भाषा असते. ॲपवर तोच वारा २४ ते ३० नॉट आणि झोत ३५ नॉट असा दिसतो. किलोमीटरला १.८५ ने भागलं की नॉट. '३०' हा आकडा किलोमीटरमध्ये साधा वारा आहे, नॉटमध्ये मात्र बंदरात थांबायचा. वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो ती असते, प्रवाहाची दिशा तो जिकडे जातो ती. वेळही तपासा. काही तक्त्यांवर जागतिक वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे.

मॉडेल कमी पडतं ते गडगडाटी पावसाच्या झोतात. मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये एखादा ढग वीस मिनिटांत ताशी ५० किलोमीटरचा वारा ओततो आणि नकाशावर त्या जागी १० नॉट दिसत असतात. एवढा छोटा ढग अंदाजात आगाऊ बसवता येत नाही. तिथे हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा आणि बंदरावरचा तीन नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याच्या धोक्याची खूण) हेच मानायचं. बावटा लागला आणि ॲपवर समुद्र निळा दिसतोय, तरी बावटाच खरा.

चक्रीवादळातही अधिकृत शब्द हवामान विभागाचाच. परदेशी संकेतस्थळांवर वादळाचा वेग जास्त दिसतो, कारण अमेरिकन केंद्र १ मिनिटाची सरासरी घेतं आणि आपला विभाग ३ मिनिटांची. त्यावरून 'आपले लोक कमी सांगतात' असा निष्कर्ष काढून गोंधळ माजवू नये.

शेवटची अडचण अंदाजाची नाही, तो पोचवण्याची आहे. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर संपते. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ कन्याकुमारीजवळ एका दिवसात कमी दाबाच्या पट्ट्यातून चक्रीवादळ बनलं, तेव्हा कित्येक बोटी आधीच खोल समुद्रात होत्या आणि त्यांना सांगायला मार्ग नव्हता. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेलं 'जेमिनी' उपकरण उपग्रहावरून इशारा घेतं आणि ब्लूटूथने मोबाइलवर दाखवतं, पण बोटीवरून उलट निरोप देता येत नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये सुरू झालेल्या योजनेतल्या ट्रान्सपाँडरमध्ये, म्हणजे बोटीवर बसवायच्या संदेश-उपकरणात, दोन्ही बाजूंनी संदेश जातो. तो बोटीवर असेल तर बॅटरीची जोडणी प्रत्येक फेरीआधी तपासा, खाऱ्या पाण्याने तांब्याची टोकं हिरवी पडतात आणि नेमक्या वेळी उपकरण बंद राहतं.

ट्रान्सपाँडर नसेल तर बंदर सोडण्याआधी पुढच्या तीन दिवसांचा वारा, लाटेची उंची, सेकंद आणि भरतीच्या वेळा कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवा. व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर चालू ठेवा. आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर बोटीवरच्या प्रत्येक खलाशाला आणि त्याच्या घरच्यांना पाठ असू द्या.