एमसीईलॉग ठेवायचं की रासडीमनवर जायचं?

ईसीसी रॅमचा (स्वतःच्या छोट्या चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या रॅमचा) सर्व्हर आणि त्यावर लिनक्स सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. एमसीईलॉग आणि रासडीमन हे दोन्ही हार्डवेअरच्या चुका नोंदवणारे लिनक्सचे प्रोग्रॅम; पहिला जुना, दुसरा नवा. हार्डवेअरच्या चुका टिपायला तुमच्याकडे अजून एमसीईलॉग चालत असेल, तर ते कधी बंद करायचं हा प्रश्न आज ना उद्या येणारच. कर्नलवाल्यांनी, म्हणजे लिनक्सचा गाभा लिहिणाऱ्यांनी, आपल्यापुरतं उत्तर २०१७ मध्येच दिलं. कर्नल ४.१२ पासून एमसीईलॉगची डिव्हाइस फाइल 'जुनी सोय' ठरली. डिस्ट्रोने (तुम्ही वापरता त्या लिनक्सच्या प्रकाराने) मुद्दाम चालू ठेवली असेल तरच ती दिसते.

तरी एमसीईलॉगला उगाच नावं ठेवू नयेत. इंटेलच्या जुन्या झिऑन सर्व्हर-प्रोसेसरवर नेमकी चूक काय झाली ते नीट उलगडून सांगतं. चुकांनी मर्यादा ओलांडली की आपली स्क्रिप्ट चालवतं, वारंवार बिघडणारं मेमरी पेज (मेमरीचा छोटा तुकडा) बाजूला काढतं. परभणीकडच्या एका पतसंस्थेत मी ते बरीच वर्षं चालवलं. एएमडीच्या नव्या प्रोसेसरवर मात्र विषयच संपतो. हा प्रोसेसर जमत नाही, कर्नलचं एडॅक मॉड्यूल (मेमरीच्या चुका टिपणारा कर्नलचाच भाग) वापरा, असं ते स्वतःच सांगून थांबतं.

माझा निर्णय मात्र एएमडीमुळे झाला नाही. कोणत्या रॅमपट्टीवर किती चुका झाल्या हा हिशेब एमसीईलॉग स्वतःच्या मेमरीतच ठेवतं. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी लाईट जाते, तासाभरात यूपीएस मान टाकतो आणि सर्व्हर बसतो. संध्याकाळी तो उठतो तेव्हा मोजणी पुन्हा शून्यापासून. लॉगमध्ये ओळी उरतात, पण त्या शोधून, वेळोवेळी बाजूला ठेवलेल्या जुन्या लॉग-फायली उघडून बेरीज आपणच करायची. रॅमपट्टी एका दिवसात मरत नाही. आठवडेन् आठवडे एखाददुसरी दुरुस्त झालेली चूक दाखवत राहते. ती वाढतेय की नाही हेच तर बघायचं असतं, आणि माझ्या अनुभवात ती वाढते उन्हाळ्यातच.

रासडीमन प्रत्येक घटना एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये लिहून ठेवतं. लाईट गेली-आली तरी समरी मागितली की जुनं-नवं एकत्र मिळतं. तपशील मागितला तर तारीख, वेळ, मेमरी कंट्रोलर आणि पट्टीचं लेबलही. एका उन्हाळ्यात असंच एकाच चॅनलवरची एकच पट्टी सारखी वर येत होती. ती यादी छापून सप्लायरपुढे ठेवली, त्याने पट्टी वाद न घालता बदलून दिली.

रासडीमनचीही कटकट आहे. तुमच्या चिपसेटला एडॅक ड्रायव्हर हवा. बऱ्याच मदरबोर्डांची लेबलं त्यात नसतात, मग कंट्रोलर-चॅनलचे नुसते आकडे दिसतात आणि नेमका स्लॉट कोणता हे कळत नाही. पेज बाजूला काढण्याची सोय त्यात नंतर आली. नव्या आवृत्तीत त्यासाठीची डिफॉल्ट मर्यादा एका पेजमागे २४ तासांत ५० चुकांची आहे. मला ती जरा सैल वाटते, तुमचं मत वेगळं असू शकतं.

जुना झिऑन, जुना कर्नल आणि एमसीईलॉगला जोडलेल्या स्क्रिप्ट नीट चालत असतील तर केवळ नव्याच्या हौसेने हात लावू नका. पण पुढच्या ओएस अपग्रेडला एमसीईलॉग सोबत नेऊ नये, असं मला तरी वाटतं. जमलं तर रासडीमनवर जाण्याचं काम फेब्रुवारीतच उरका. त्याच दिवशी कॅबिनेट उघडून बोर्डावर छापलेली स्लॉटची नावं लेबलांच्या फाइलमध्ये भरा, म्हणजे मे महिन्यात कोणती पट्टी उपसायची ते स्क्रीनवरच वाचता येईल.