मेझोटिंट म्हणून छापील नक्कल विकतात, फ्रेम उघडल्याशिवाय पैसे देऊ नका

इंग्लंडात राहून जुनी छापचित्रं जमवणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. लंडनच्या एका जुन्या वस्तूंच्या बाजारात विक्रेत्याने मला मार्क्विस ऑफ ग्रॅनबी या सरदाराचं मेझोटिंट (तांब्याच्या पत्र्यावर हाताने घडवून छापलेलं चित्र) म्हणून 280 पौंडांना जे विकलं, ती छापखान्यातली अलीकडची नक्कल निघाली.

ग्रॅनबी म्हणजे रटलंडच्या ड्यूकचा थोरला मुलगा, जॉन मॅनर्स. 1760 साली वॉरबर्गच्या लढाईत घोडदळ घेऊन शत्रूवर तुटून पडताना त्याची टोपी आणि विग उडाले, तरी गडी उघड्या टकलाने पुढे गेला. जोशुआ रेनॉल्ड्सने त्याला रंगवलं आणि त्या चित्रांवरून ह्यूस्टन, वॉटसन या कोरणाऱ्यांनी मेझोटिंट केली. या सरदारावर माझा फार जीव, आणि विक्रेत्याने नेमकं तेच हेरलं. ‘1760च्या दशकातला अस्सल ठसा’ असं छातीठोकपणे सांगितलं. मागची बाजू उघडून दाखवा म्हटलं, तर ‘जुना कागद फाटला की किंमत गेली’ म्हणून साफ नकार दिला. पावतीवर मात्र साल घातलं नाही, नुसतं ‘मेझोटिंट, रेनॉल्ड्सवरून’ एवढंच.

फ्रेमवाल्याकडे तो तपकिरी, डागाळलेला कागद सोडवला, तर खाली आजची चिकटपट्टी! चित्राखालची अक्षरं माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) दडवलेली नव्हती, ती कापूनच टाकली होती. प्रकाशकाचं नाव आणि तारीख तिथेच असते. छापचित्रांची नक्कल रोखणाऱ्या 1735च्या कायद्याचं संरक्षण हवं तर ती छापावीच लागत.

मेझोटिंट करताना तांब्याचा पत्रा आधी दातेरी हत्याराने सगळीकडून खडबडीत करतात. तसाच छापला तर निव्वळ काळा येतो. मग जिथे उजेड हवा तिथे तो खरवडून, घोटून गुळगुळीत करायचा. म्हणून खऱ्या ठशात काळा रंग मखमलीसारखा खोल असतो आणि छटा एकमेकींत विरत जातात. माझ्या ग्रॅनबीच्या टकलावर भिंग धरलं, तर करड्या भागात ठिपके रांगेत उभे! वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तेच. खऱ्या ठशात छापताना पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर उमटतो, इथे तो नंतर नुसता कोरडा उठवलेला. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला. कागद उजळवणारी ती रसायनं विसाव्या शतकातली आहेत.

विक्रेता म्हणाला, ‘साल मी कुठे लिहून दिलंय?’ पण ते मेझोटिंटही नव्हतं, आणि तो शब्द त्याच्याच हस्ताक्षरात होता. पैसे क्रेडिट कार्डाने दिले होते. 100 पौंडांवरच्या खरेदीला 1974च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम 75खाली कार्ड कंपनीही जबाबदार असते, तिच्याकडून रक्कम परत मिळाली. रोख दिले असते तर त्याच्याच मागे फिरावं लागलं असतं.

पावतीवर साल, तंत्र आणि कोरणाऱ्याचं नाव लिहून घ्याच. त्याआधी ब्रिटिश म्युझियमच्या छापचित्र विभागात वेळ ठरवून जा आणि खरी मेझोटिंट मागवून जवळून बघा. त्याला पैसे पडत नाहीत.