प्राण्यांच्या प्रश्नांची कार्डं: पावसाळ्यापासून वापरतोय, आता सविस्तर लिहितो

पक्षी-प्राणी बघायची आवड असलेली चार माणसं तुमच्या ओळखीत असतील, तर एकमेकांना प्रश्न लिहून द्यायची ही पद्धत जरूर सुरू करा. सोलापुरात आम्ही गेल्या पावसाळ्यापासून हे करतोय. खर्च जवळजवळ शून्य. पण प्रश्न कसले लिहायचे हे नीट ठरवलं नाही, तर दोन महिन्यांत कंटाळा येईल, म्हणून हा अनुभव लिहितोय.

आमची पद्धत साधी आहे. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून कार्डं करायची. पुढे प्रश्न, मागे उत्तर आणि त्याखाली 'कशावरून' अशी एक ओळ. उत्तरावर कागद दुमडून स्टेपल मारायचा. रविवारी सकाळी कंबर तलावावर पक्षी बघून झाले की चहाच्या गाडीपाशी अदलाबदल: एक कार्ड द्यायचं, एक घ्यायचं. स्टेपल पुढच्या रविवारपर्यंत उघडायची नाही. आमच्यात निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत, पूर्व भागातले यंत्रमागावर काम करणारे एक अण्णा आहेत, आठवीतली एक मुलगी आहे. वय आणि शिक्षण इतकं वेगळं असूनही सगळे एका पातळीवर येतात, ही या प्रकारातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

सुरुवातीला सगळ्यांनी विक्रमाचे प्रश्न आणले. सर्वांत वेगवान कोण, सर्वांत मोठं अंडं कुणाचं. उत्तर कळलं की विषय संपतो, बोलायला काही उरत नाही. पालट झाला तो त्या आठवीतल्या मुलीच्या कार्डाने. प्रश्न एवढाच: 'रोहित पक्ष्याचा गुडघा कुठे असतो?' उजनीच्या पाणपसाऱ्यावर रोहित आम्ही सगळ्यांनी पाहिलेले. लांब पायाच्या मध्यावर जो सांधा मागच्या बाजूला वाकतो, तोच गुडघा, असं बहुतेकांचं उत्तर. स्टेपल उघडली तर आत लिहिलेलं: तो घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत झाकलेला, आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. पक्षी चालतो तो बोटांवर, टाच कायम उचललेली. 'कशावरून' या ओळीत तिने लिहिलं होतं: 'घरच्या कोंबडीचा पाय हाताने चाचपून बघितला.' समोर काठावर एक बगळा उभा होता. तो पाऊल उचलायचा, तसे आम्ही सगळे घोट्याचा सांधा कसा दुमडतो ते दुर्बिणीतून बघत बसलो. इतकी वर्षं बगळे पाहिले, पण पाय असा कधी पाहिला नव्हता. चांगला प्रश्न कसा असावा, हे मला त्या दिवशी कळलं: विचारणाऱ्याने स्वतः काहीतरी बघितलेलं असावं आणि उत्तर देणाऱ्याला ते पुन्हा बघावंसं वाटावं.

तेव्हापासून आमची कार्डं आपल्या माळावर आणि तलावांवर उतरली. लाल कोल्ह्याच्या शेपटीचं टोक पांढरं असतं, मग नान्नजच्या माळावरच्या खोकडाचं कोणत्या रंगाचं? काळं. काळविटाची शिंगं दरवर्षी गळतात का? नाही, गळतात ती चितळ-सांबराची. घोणस अंडी घालते की पिल्लं? पिल्लं. चातक स्वतःची अंडी कुणाच्या घरट्यात घालतो? आपल्याकडे बहुधा सातभाईच्या, आणि त्याचं अंडंही सातभाईच्या अंड्यासारखंच निळं असतं.

'का' विचारणारी कार्डं त्याहून सरस. अण्णांनी लिहिलेलं एक मी अजून जपून ठेवलंय: 'एवढा मोठा माळढोक विजेच्या तारांवर का आपटतो?' माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे आजूबाजूचं खूप दिसतं, पण थेट समोरचं फार थोडं. उडताना मान खाली घालून जमीन न्याहाळत असेल तर पुढची तार दिसतच नाही, आणि दिसली तरी एवढं जड शरीर ऐनवेळी वळत नाही. माळढोकासाठी १९७९ साली आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं होतं, पुढे ते बरंच कमी केलं गेलं. मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते. हे तिन्ही मुद्दे त्या सकाळी एका कार्डावरून निघाले आणि चहा दोनदा मागवावा लागला. माळढोक हा आपला पक्षी आहे आणि सोलापूरकरांना त्याच्याबद्दल एवढं तरी ठाऊक असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

वादही होतात आणि व्हावेत. तरस कुत्र्याच्या जवळचं की मांजराच्या, यावर सर आणि अण्णा दोन रविवार भांडले. चाल आणि तोंड बघून अण्णा कुत्र्यावर ठाम. पण जनुकीय अभ्यासानुसार तरस मांजरांच्या मोठ्या शाखेत येतं आणि मुंगूस त्याचा जवळचा नातलग आहे. अण्णांनी मान्य केलं, पण सरांकडून झाडासारखी पूर्ण वंशावळ काढून घेतल्यावरच.

'कशावरून' ही ओळ मात्र अजिबात सोडू नका. तिच्यामुळे मोबाईलवर फिरणारे निम्मे प्रश्न आपोआप गळाले. शहामृग वाळूत डोकं खुपसतं, गोल्डफिशला तीन सेकंदच आठवतं, धामण गाईचं दूध पिते, मांडुळाला दोन तोंडं असतात: यातलं एकही खरं नाही. मांडुळाबद्दलच्या असल्या समजुतींपायी तर त्याची तस्करी होते. मध्ये मी एक तयार प्रश्नसंच विकत आणला होता. छपाई सुंदर, पण शहामृगाचा तोच प्रश्न त्यात बरोबर उत्तर म्हणून छापलेला, आणि बाकीचे बहुतेक प्राणी आफ्रिकेतले. पैसे वाया गेले. स्वतः लिहिलेली कार्डंच बरी.

अडचणीही सांगतो. जेल पेनची शाई पावसाळ्यात पसरते, साधं बॉलपेन वापरा. तेच प्रश्न फिरून परत येतात, म्हणून एका वहीत नोंद हवी. आमची वही ती मुलगी सांभाळते. नावांचा घोळ होतो, कारण आमच्यात कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, आणि एकाच प्राण्याला तीन घरांत तीन नावं. त्यावर उपाय म्हणजे कार्डावर छोटं चित्र काढणं. अवघडपणा मोजायची सोय अजून जमलेली नाही. नवीन माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी कठीण कार्ड पडलं तर तो पुढच्या रविवारी येत नाही. नवख्याला निवडून सोपं कार्ड द्यावं.

एका नियमावर आम्ही अजिबात तडजोड करत नाही: कार्डावर घरट्याची किंवा लांडग्याच्या गुहेची जागा लिहायची नाही, विचारायचीही नाही. असं कार्ड आलं तर तिथेच फाडतो. फोटोसाठी लोक कुठवर जातात, हे माळावर फिरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे.

आता ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहाची तयारी चाललीय. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा, आणि चितमपल्ली तर सोलापुरातच जन्मलेले. त्या आठवड्यात फक्त पक्ष्यांची कार्डं काढायची आणि शाळकरी मुलांना अदलाबदलीत घ्यायचं ठरलंय. मुलांसाठी एकच अट ठेवलीय: उत्तर तलावावर येऊन डोळ्यांनी बघता आलं पाहिजे. पत्रिका गोळा करणं सुरू आहे, तुळशीच्या लग्नानंतर त्यांची कमतरता पडणार नाही.